विमानाचं पेट्रोल

भाद्रपद लागला आणि परवा पुतण्याच्या उसावर ड्रोन फिरला. मी बांधावर खुर्ची टाकून बसलो होतो. आधी तो आवाज आला, मोठ्या गांधीलमाशीसारखा, आणि मग औषधाचा वास. जिभेच्या मुळाशी कडू, मागाहून किंचित गोडसर. पन्नासाहून अधिक वर्षांत शेतीतलं जवळजवळ सगळं बदललं, पण माझ्या नाकाला हा वास तोच वाटला. उसाची पानं त्या वाऱ्यानं एका बाजूला झुकली, पुन्हा उभी राहिली, आणि मला राग आला.

माझं वय शहात्तर. जन्म शाळामास्तरकीत गेला. वर्गातसुद्धा मी आवाज चढवत नसे, फळ्याकडे तोंड करून थांबायचो, मुलं आपोआप गप्प व्हायची. त्या माझ्या स्वभावाचं लोकांनी कौतुक केलं. आता त्या कौतुकाचाही राग येतो.

माझा थोरला भाऊ, दादा, श्रावणात गेला. घरात दादा, गावात दत्तू मिस्त्री, आणि पाठीमागे, पुष्कळदा तोंडावरही, 'विमान'. घोडेगावात जनावरांच्या बाजाराच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. पाण्याची इंजिनं, मोटारसायकली, जे येईल ते तो नीट करायचा. कुणी दुकान विचारलं, की पानटपरीवरचा माणूस हात करायचा, "ते काय, विमानाचं." त्याची मुलं शाळेत होती तेव्हा 'विमानाची पोरं' होती. हे नाव कशावरून पडलं ते आसपासच्या दहा गावांना ठाऊक आहे, आणि सगळ्यांना चुकीचं ठाऊक आहे. दादाच्या नावाला चिकटलेली ती एक गोष्ट मला खरवडून काढायची आहे. तो असताना मी ते केलं नाही.

एकाहत्तर साली, दुष्काळाच्या आदल्या वर्षी, नेवाशाकडच्या उसावर पाकोळी पडली होती. पानाखाली हात घातला की पिवळट किड्यांचा थवा भुर्रकन उठायचा. पानं चिकट व्हायची, मग त्यावर काजळी धरायची. हातपंपानं फवारायला ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला. म्हणून कारखान्यानं फवारणीची विमानं मागवली. माळावर मुरूम दाबून धावपट्टी केली, ताडपत्रीचा मांडव उभा केला, आणि गणपतीच्या आधी दोन पिवळी विमानं येऊन उतरली.

तो ऋतू मला वासाआवाजांनी आठवतो. पहाटे वारा पडलेला असतानाच ती उडायची. उसाच्या शेंड्यांना पोट घासेल इतकी खाली यायची आणि बांधाशी एकदम वर उठायची. शेताच्या दोन टोकांना बांबूला पांढरी फडकी बांधून माणसं उभी असत, वैमानिकाला ओळ कळावी म्हणून. विमान गेलं की ती माणसं ओली निथळत. त्यांना कुणी तोंड झाकायला सांगितलं नाही. त्यांतल्या एकानं मला हसत सांगितलं होतं, की घरी गेलं की अंगाच्या वासानं ढेकूण पळत्यात. म्हशी दूध चोरायच्या, बैल दावं तोडायचे. शाळेत दहा वाजेपर्यंत वर्ग रिकामे, आणि मी, नुकताच लागलेला मास्तर, मुलांना शोधायच्या निमित्तानं माळावर जायचो.

दादा तिथेच असायचा. कारखान्याच्या वाहन विभागात तो फिटर होता. औषध आणि पाणी एकत्र करून विमानात भरणारा पंप चालू ठेवायला त्याला त्या हंगामापुरतं माळावर पाठवलं होतं. पण पंपाकडे लक्ष कमी आणि विमानाकडे जास्त. विमानांबरोबर कुरियन नावाचा केरळी मेकॅनिक आला होता. त्याचं हिंदी मोडकं, दादाचं त्याहून मोडकं. दोघं दिवसभर हातवाऱ्यांनी बोलत आणि एकमेकांना बरोबर समजत.

रोज सकाळी, पहिलं उड्डाण होण्याआधी, कुरियन एक काम करी. विमानाच्या पोटाखाली एक लहानसा कॉक होता. तो उघडून पेला-दीड पेला पेट्रोल तो काचेच्या बाटलीत घ्यायचा आणि बाटली उगवत्या सूर्यासमोर धरायचा. ते पेट्रोल हिरवं होतं. पूजेच्या तांब्यात दुर्वांचा रंग उतरावा तसं. टाकीत रात्रीतून पाणी धरलं असेल तर ते जड असल्यामुळे तळाशी बसतं, म्हणून पहिल्या घोटात येतं. बाटलीच्या बुडाशी ते मण्यासारखं वेगळं दिसे. मणी नसला तरी ते पेट्रोल पुन्हा टाकीत जायचं नाही. पोटातून निघालं ते निघालं. कुरियन ते मुरुमावर ओतून देई आणि क्षणात तिथे काही उरत नसे, फक्त खडे गार पडलेले.

दादाला ते बघवेना. चार दिवसांनी त्यानं ते मागून घेतलं. मऊ कातड्यातून गाळायचा, पाणी कातड्यावर राहायचं, हिरवं खाली डब्यात. त्यात तो पाने, नट, आपले हात धुवायचा. मला डब्यात बोट बुडवायला लावलं होतं. बोट बाहेर काढलं की थंडीनं कळ यायची. "बघ नाना," तो म्हणाला होता, "ह्याला जाळायला घेतलंय, आन् हे गार हाय."

बापू तिथे आला तो ह्या हिरव्या पेट्रोलापायी.

बापू, आताचे बापूसाहेब, कारखान्याच्या एका बड्या संचालकाचा मुलगा. पुण्याचं कॉलेज अर्धवट सोडून आला होता आणि येताना मुंबईहून एक जुनी विलायती गाडी घेऊन आला होता. लाल, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली, वर टप नाही. गावानं तिला 'बोडकी' म्हणायला सुरुवात केली आणि त्यावर हसून घेतलं. आमच्या आईला वैधव्य येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ती ओट्यावर असली तरी लोक तो शब्द म्हणत.

विमानाचं पेट्रोल घातलं की गाडी विमानासारखी पळते, हे बापूला कुणी सांगितलं कोण जाणे. सांगायची गरजही नव्हती, सगळा तालुका हेच समजत होता. विमान उडतं ते पेट्रोलच्या जोरावर, मग ते पेट्रोल दुसरीकडे घातलं तर जोर तिकडे जाणार. बापूनं आपल्या शब्दावर माळावरच्या पिंपातून दोन डबे काढायला लावले आणि दादाला गाडीत ओतायला सांगितलं. पिंप कारखान्यानं आणलेलं, आणि कारखाना आपल्याच ओसरीवरून चालतो अशी बापूची समजूत. दादानं ओतलं. कारखान्यातल्या फिटरनं संचालकाच्या मुलाला नाही म्हणायचं असतं, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

गाडी होती तशीच पळाली. बापू चिडून परत आला. दादाच्या कामात खोट आहे असं चार जणांत म्हणाला.

त्या संध्याकाळी दादा माझ्याकडे आला. शाळेच्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असायची आणि तिथे मोटारींवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, ज्याची पानंही कुणी कापली नव्हती. मी ती ओट्यावर बसून सुरीनं कापली आणि दादाला वाचून दाखवू लागलो. दोन संध्याकाळी गेल्या. मला मोटार कळत नव्हती आणि दादाला इंग्रजी. पण शेवटी कळलं ते असं, की ह्या पेट्रोलात जोर जास्त नसतो, सोसणं जास्त असतं. साधं पेट्रोल फार दाबलं की ठिणगी पडायच्या आतच आपलं आपण पेटतं आणि इंजिन आतून ठोके खातं. विमानाचं पेट्रोल तेवढा दाब सोसतं, ठिणगीची वाट बघतं. दाब वाढवला तरच त्याचा उपयोग. नाही तर ते गाडीत घातलं काय आणि मुरुमावर ओतलं काय, सारखंच.

"म्हंजे इंजिन त्याच्याजोगं करावं लागंल," दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जो उजेड होता तो मी नंतर कधी पाहिला नाही. दुसऱ्या कुणी त्याला असलं काम दिलं नव्हतं. मी ते पुस्तक वाचलं नसतं तर बरं झालं असतं, असं मी हजार वेळा म्हटलं आहे. आज म्हणत नाही. पुस्तकाचा दोष नव्हता.

बापूचा होकार घेऊन दादानं इंजिनाचं वरचं डोकं काढलं आणि कारखान्याच्या मशीनवर ते खालून घासून घेतलं. नखाच्या जाडीएवढं लोखंड गेलं असेल. आत जागा कमी झाली, दाब वाढला. मग ठिणगी थोडी लवकर पडेल अशी फिरवली. बापू तिथे उभा राहून सगळं पाहत होता, सिगारेट ओढत, पेट्रोलपाशी, आणि दादानं दोनदा सांगितल्यावर बाहेर गेला. सगळं जुळवल्यावर दादा त्याला म्हणाला, ते मी माझ्या कानांनी ऐकलं: "बापू, घासलेलं लोखंड परत चिकटत न्हाई. आता हिला पंपावरलं पेट्रोल चालायचं न्हाई. ईमानं गेली की गाडी माझ्याकडं आणा. मी जाड ग्यास्केट बशिवतो, ठिणगी मागं घेतो, मग काय बी घाला. तवर न्हाई."

बापूनं ऐकलं आणि मान हलवली. दादाचं तेवढ्यानं समाधान होईना. त्यानं पत्र्याचा एक हातभर तुकडा कापला आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मला लाल रंग दिला. मी लिहिलं: 'फक्त विमानाचे पेट्रोल'. मोठं, ठसठशीत, शिरोरेषा एका दमात ओढलेली. दादानं तो पत्रा पेट्रोलच्या झाकणाशेजारी दोन स्क्रूंनी बसवला.

एक दिवस, एकच दिवस, बापू नगरला बसनं गेलेला असताना, दादानं मला त्या गाडीत बसवलं. घोडेगावच्या सडकेला दोन्हीकडून ऊस, ऊन कोवळं, रात्री पाऊस होऊन गेलेला. आम्ही इतके खाली बसलो होतो की मला सडकेवरचे खडे मोजता आले असते. मला वाटलं होतं आवाज वाढेल. तो उलट एकसंध झाला, दळताना जातं एका लयीत लागतं तसा. दादा हसत नव्हता. मान कलती करून ऐकत होता. वाऱ्यानं माझा चष्मा उडून गेला आणि तो शोधायला आम्ही अर्धा तास उसाच्या सरीत रांगत होतो, दोघे थोराड बाप्ये, हसत. माझ्याकडे त्या ऋतूतलं चांगलं म्हणून एवढंच आहे. ते कुणाला द्यायची माझी इच्छा नाही, पण लिहिताना आलं.

पत्रा चार दिवस राहिला. ट्रकावर पाटी असते तशी माझ्या गाडीवर कशाला, असं म्हणत बापूनं तो उपटून दादाच्या पायाशी टाकला. दसरा झाला, विमानं गेली. कुरियननं दादाला ते गाळायचं कातडं भेट दिलं. दादा तीन वेळा बापूच्या दारात गेला, की गाडी द्या, दोन दिवसांचं काम आहे. गाडी कधी बाहेर, कधी बापू झोपलेले.

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी बापू मित्राला घेऊन नगरला निघाला. माळावरून काढून ठेवलेले डबे संपले होते, म्हणून वाटेत पंपावर टाकी भरली. पांढरीच्या पुलापुढे इमामपूरचा घाट चढायला लागल्यावर गाडी आतून ठोकू लागली. ठोकत असतानाही त्यानं ती दामटली. वर पोचायच्या आधीच धुराचा लोट निघाला आणि ती थांबली. पिस्टनला भोक पडलं होतं.

शुक्रवार म्हणजे घोडेगावचा बाजार. एक शेतकरी नुकतीच घेतलेली खिलारी जोडी घेऊन त्याच सडकेनं चालला होता. त्याच्या बैलांना कासऱ्यानं बांधून बोडकी परत आणली, भर बाजारातून. बापू स्टिअरिंगवर. बाजारातल्या लोकांनी बैलांची किंमत विचारली, गाडीची विचारली, दात बघू का म्हणाले. एक म्हातारी म्हणाली, "जोडी चांगली हाय रं, पण मागचं खोंड बसकं निघालं." ती म्हातारी विनोदी होती. तिला काय माहीत, तिच्या त्या वाक्याची किंमत दुसऱ्याच कुणाला द्यावी लागणार होती. बापूचं त्या दिवशी हसू झालं, आणि असल्या घरातल्या मुलाचं हसू झालं की त्यासाठी एक माणूस लागतो.

दोन दिवसांनी थोरल्या साहेबांच्या, म्हणजे बापूच्या वडिलांच्या, ओसरीवर आम्हा दोघांना बोलावलं. बापूनं सांगितलं, की दत्तूनं न विचारता माळावरचं पेट्रोल चोरलं आणि माझ्या गाडीत घातलं. ते पेट्रोल इतकं गरम, की साधं इंजिन जळून गेलं. दादा म्हणाला, "साहेब, ते व्हतं तवर गाडी चालली. ते नव्हतं म्हनून जळाली." लोक हसले. खरंच, ऐकायला ते वेड्यासारखंच वाटत होतं. मग थोरले साहेब माझ्याकडे वळले. फार सभ्य माणूस, मला अहोजाहो करत.

"मास्तर, तुम्ही शिकलेले. एवढंच सांगा, विमानाचं पेट्रोल मोटारीत घालायचं असतं का?"

मी म्हणालो, "नाही, साहेब."

प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते. पुढची चार वाक्यं माझ्या तोंडात तयार होती, पुस्तक पिशवीत होतं, खूण घातलेलं. पण शाळा कारखान्याची, मी अजून कायम झालेलो नव्हतो, आणि थोरले साहेब "बरं, या तुम्ही" म्हणाले होते. मी नमस्कार केला. दादानं माझ्याकडे पाहिलं. त्यानं रागानं पाहिलं असतं तर मी सुटलो असतो. त्याला वाटलं मी अजून बोलणार आहे, म्हणून तो वाट बघत होता.

दादाची नोकरी गेली. मी उन्हाळ्यात कायम झालो. त्याच वर्षी पाऊस आलाच नाही, आणि लोखंडाचा केसाएवढा फरक बोटानं ओळखणारा माझा भाऊ रोजगार हमीआधीच्या त्या दुष्काळी कामांवर सडकेची खडी फोडायला बसला. डाव्या हाताचं एक बोट त्यात गेलं. कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची पिशवी घेऊन घरी यायचा आणि मला म्हणायचा, नाना, शाळा कशी हाय. त्यानंतर दुकान घातलं. तो पत्रा त्यानं दुकानात समोर टांगला. माझ्या अक्षरातला तो पुरावा पन्नास वर्षं भर बाजारात टांगलेला होता, आणि लोक तो बघून हसायचे, की विमान मिस्त्रीनं आपल्या नावाची पाटी लावली आहे.

मी नगरला सावेडीत बंगला बांधला. दर दिवाळीला दादाकडे यायचो. पाटीखालीच बसून चहा प्यायचो.

श्रावणात प्रवरेच्या काठी दादाचा दहावा झाला. कावळा लगेच शिवला, त्याची काही तक्रार नव्हती. माणसं थांबली होती ती भाषणांसाठी. आमच्याकडे दहाव्याला माईक असतो, प्रवचन असतं, आणि पुढारी येतील त्या क्रमानं श्रद्धांजली असते. हयातीत ज्याला कुणी खुर्ची दिली नाही त्याचा जीवनपट सांगितला जातो. बापूसाहेब उठले. पांढरे शुभ्र, काठी टेकत, आवाज अजून खणखणीत. म्हणाले, दत्तू म्हणजे अवली माणूस. "पठ्ठ्यानं माझ्या गाडीत विमानाचं पेट्रोल घातलं. गाडी उडाली की हो. उडाली ती बैलांनीच खाली आणली." मांडवात हशा पिकला. दहाव्याच्या मांडवात. माझी वहिनी बायकांमध्ये बसली होती, तिनं पदर पुढे ओढला. बापूसाहेब पुढे म्हणाले, की मी मात्र मनात काही ठेवलं नाही, मोठ्या मनानं माफ केलं.

शेवटी घरच्या वतीनं आभार मानायला माईक माझ्या हातात दिला. आभार मानायचं काम शिकलेल्या माणसाकडे असतं. मी आलेल्यांचे मानले, प्रवचनकारांचे मानले. मग म्हणालो, "विमानाचं पेट्रोल होतं तोवर ती गाडी नीट चालली. बापूसाहेबांनी पंपावरचं भरलं म्हणून ती जळाली. दादानं आधी सांगितलं होतं, पत्र्यावर लिहून लावलं होतं. अक्षर माझं आहे. पेट्रोल दादानं चोरलं नव्हतं. मला त्या वेळी विचारलं होतं, मी अर्धं सांगितलं. हे उरलेलं."

एवढंच होतं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. चोपन्न वर्षं मी जे उचलू शकलो नाही ते एवढंसं निघालं, ह्याचा मला जितका राग आला तितका बापूसाहेबांचाही आला नाही. मांडवात कुणाला धड कळलंही नाही. मंडपवाल्यानं माईक काढून घेतला, पंगती बसल्या. बापूसाहेब गाडीत बसता बसता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, आता ह्या वयात कशाला ते." त्यांच्या आवाजात खुन्नस नव्हती. त्यांना खरोखरच आठवत नसावं. त्यांनी ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे की तीच घडली आहे.

परवा बांधावर हे सगळं मनात फिरत होतं. पुतण्या शेजारी उभा होता, डोळ्यांवर हात धरून ड्रोनकडे बघत. बापाचं दुकान आता तोच चालवतो. दहाव्यापासून आम्ही त्या विषयावर बोललो नव्हतो. मी ड्रोनच्या आवाजावरून ओरडून विचारलं, मी त्या दिवशी बोललो ते बरं झालं ना.

त्यानं मान वळवली नाही. "बरंच झालं, नाना," तो म्हणाला. "दादा असताना तुम्ही बोलला असता, तर त्यांनीही ऐकलं असतं."

आणि तो औषधाच्या टाकीत पाणी घालायला गेला. ड्रोन बांधावर उतरला. पाती थांबली, उसाची पानं सरळ झाली. बोलायला आता कशाचीच अडचण नव्हती.